राखलेलं शेत आणि भाड्याचं लपण

कॅलिफोर्नियात बे एरियातून माउंट शास्ताकडे निघालात की आय-५ हायवेवर विल्यम्स, मॅक्सवेल, विलोज अशी गावं लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत पाणी दिसतं. पूर आलाय असं वाटतं, पण ती भाताची खाचरं असतात. भात सप्टेंबर-ऑक्टोबरात कापून गेलेला असतो. त्यानंतर शेतकऱ्याने मुद्दाम पाणी सोडून खाचरं पुन्हा भरलेली असतात. नीट पाहिलं तर एखाद्या बांधावर पेंढ्याने झाकलेला छोटासा उंचवटा दिसतो. ते शिकाऱ्यांचं लपण. बांधात पुरलेली टाकी, आत बसायला फळी, वर गवत बांधलेली झाकणं. उजाडण्याआधी माणसं अंधारातच त्यात उतरून बसतात आणि तिथे बसता यावं म्हणून हंगामाचे पैसे शेतकऱ्याला मोजतात.

यातल्या काही शेतांबाबत आणखी एक गोष्ट रस्त्यावरून दिसत नाही. त्या जमिनी राखलेल्या आहेत. इथे कधीही प्लॉट पडणार नाहीत, गोदामं उभी राहणार नाहीत, असं मालकाने कायमचं लिहून दिलेलं असतं आणि बहुतेकदा त्याचा मोबदलाही घेतलेला असतो. एकीकडे जमीन राखण्याचा करार आणि दुसरीकडे त्याच जमिनीवर बंदुका, हे एकत्र नांदतं कसं? पैसे कुणाला मिळतात, पाणी कोण सोडतं, आणि कुणाला छर्रा लागला तर निस्तरायचं कुणी? हा सगळा मामला बदकांपेक्षा कागदांचाच जास्त आहे, म्हणून तो कागद उलगडून पाहू.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो: भारतात हे काहीही करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात सुरुवातीला परवाना काढून काही प्राण्या-पक्ष्यांची शिकार करायची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. त्यामुळे उजनीच्या किंवा जायकवाडीच्या काठच्या शेतकऱ्याने असा करार करायचा प्रश्नच येत नाही. पण पक्षी ओळखीचेच आहेत. नांदूरमधमेश्वरला हिवाळ्यात दुर्बिणीतून आपण जे तलवार बदक आणि थापट्या बघतो, त्याच जातींची बदकं आय-५ वरच्या या खोऱ्यात, सॅक्रमेंटो व्हॅलीतही उतरतात. आपल्याकडे येणारी उत्तर आणि मध्य आशियातून येतात, तिकडची अलास्का आणि कॅनडातून. मी स्वतः हातात कधी बंदूक धरलेली नाही आणि धरायची हौसही नाही. तरीही हा व्यवहार समजून घेण्यासारखा वाटतो, कारण त्या बदकांच्या पोटात जाणारं बरंचसं अन्न त्यातूनच येतं.

पाणी आलं कुठून

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत एकेकाळी नद्यांचे पूर पसरून प्रचंड दलदली व्हायच्या. धरणं, कालवे आणि शेती आल्यावर त्या पाणथळ जागांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त नाहीशा झाल्या. बदकांचा वाट बदलायचा विचार काही झाला नाही. ती दर हिवाळ्यात येतच राहिली, आणि पोटासाठी भाताच्या शेतांवर उतरू लागली.

सेंट्रल व्हॅलीच्या उत्तर भागात, म्हणजे सॅक्रमेंटो व्हॅलीत, साधारण पाच लाख एकरांवर भात होतो. पेरणी विमानातून होते. भिजवून मोड आणलेलं बी वरून भरल्या खाचरात टाकतात. कापणीनंतर पेंढा उरतो, आणि तो पूर्वी सरसकट जाळायचे. धुराने व्हॅलीतली गावं कोंदून जायची. दिल्लीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर माहीत असणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. १९९१ मध्ये राज्याने कायदा करून टप्प्याटप्प्याने ही जाळपोळ जवळपास बंद केली. रोग पडला असेल तर ठराविक मर्यादेत परवानगी मिळते, एवढंच.

मग पेंढ्याचं करायचं काय? तो कुट्टी करून किंवा रुळाने दाबून चिखलात मिसळायचा आणि हिवाळाभर वर पाणी ठेवून कुजवायचा, हा उपाय बऱ्याच शेतकऱ्यांनी धरला. खाचरात वीतभर पाणी आणि त्याच्या तळाशी कापणीत सांडलेले दाणे, तणाचं बी, किडे. तलवार बदक, थापट्या ही बुडी मारणारी बदकं नव्हेत. शेपटी वर करून, मान पाण्यात घालून चोचीला तळ लागेल एवढंच पाणी त्यांना लागतं. खोल तळ्यापेक्षा भाताचं खाचर त्यांना सोयीचं. आज या खोऱ्यात हिवाळा काढणाऱ्या बदकांचं निम्म्याहून अधिक अन्न भातशेतातून येतं. पक्ष्यांचं चरणं, तुडवणं पेंढा कुजायलाही मदत करतं, त्यामुळे शेतकरीही त्यांच्यावर खूश असतो.

पण पाणी फुकट नाही. कालव्याच्या पाण्याचे पैसे, पंपाचं बिल, बांध राखणाऱ्या आणि मोरीतल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाची मजुरी. हा खर्च भागवायला बदकांच्या मागे येणारा शिकारी कामाला येतो.

राखलं म्हणजे नेमकं काय दिलं

अमेरिकेत खासगी जमीन राखण्याचं सगळ्यात रुळलेलं साधन म्हणजे कॉन्झर्वेशन ईझमेंट, म्हणजे मालकाने जमिनीवरचे काही हक्क सोडून देणारा नोंदणीकृत दस्त. सातबारावर 'इतर अधिकार' नावाचा रकाना असतो. जमीन तुमच्या नावावर, पीक तुमचं, पण त्या रकान्यात काही चढलं असेल तर विकत घेणारा दोनदा विचार करतो, कारण तो बोजा जमिनीबरोबर त्याच्याकडे येणार असतो. ईझमेंट तशीच काउंटीच्या दफ्तरात नोंदली जाते आणि जमीन कितीही हात बदलली तरी तिथेच राहते. मालक मरो, पोरं विकोत, बँक जप्ती आणो, त्यातले निर्बंध सुटत नाहीत.

समजा एका शेताची बाजारात किंमत २० लाख डॉलर आहे, कारण शहर जवळ आलंय आणि घेणाऱ्याच्या डोक्यात प्लॉटिंग आहे. तेच शेत कायम शेतच राहणार असं ठरलं तर किंमत १३ लाख. मधले ७ लाख ही ईझमेंटची किंमत. हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत. खरी किंमत पात्र मूल्यांकनकार ठरवतो. शेतकरी हे ७ लाखांचे हक्क एखाद्या लँड ट्रस्टला (जमिनी राखण्याचं काम करणारी बिगर-नफा संस्था) किंवा सरकारी संस्थेला विकतो, किंवा दान करतो, किंवा काही विकतो आणि काही दान करतो. विकत घ्यायचे झाले तर केंद्राच्या शेतजमीन ईझमेंट योजनेतून साधारणपणे निम्म्यापर्यंत रक्कम येऊ शकते, बाकीची ट्रस्ट किंवा राज्य उभी करतं. दान केले तर आयकरात वजावट मिळते, पण त्यासाठी ईझमेंट कायमची असावी लागते. तीस वर्षांच्या बोलीवर ही वजावट मिळत नाही.

इथेच लोकांचा एक समज घोटाळ्यात टाकतो. 'राखली' म्हटलं की अभयारण्य डोळ्यांपुढे येतं. शेतजमिनीच्या ईझमेंटमध्ये तसं काही नसतं. मालकाने बांधकामाचा, तुकडे पाडण्याचा, खाणकामाचा हक्क सोडलेला असतो. शेती करायचा, कुणाला आत येऊ द्यायचं ते ठरवायचा, विकायचा, गहाण टाकायचा हक्क त्याच्याकडेच असतो. लोकांसाठी जमीन खुली करायची अटसुद्धा बहुतेकदा नसते. दस्तात जे सोडलं असं लिहिलंय ते गेलं, बाकी शिल्लक. शिकारीचा हक्क सोडल्याचं लिहिलं नसेल तर तो मालकाचाच, आणि दुसरी कुठली अट आड येत नसेल तर तो भाड्याने देता येतो.

पाणथळ जागांसाठीची केंद्राची ईझमेंट याहून कडक आहे. तिथे शेती थांबते. सतत पाण्याखाली जाणारं, मुळात दलदल भरून काढलेलं शेत परत दलदल करायचं आणि कायमचं तसंच ठेवायचं. कायमच्या ईझमेंटला सरकार पूर्ण किंमत मोजतं आणि पुनरुज्जीवनाचा बहुतेक किंवा सगळा खर्च उचलतं. भात लावायचा नाही, गवत कापायचं नाही, विचारल्याशिवाय चर खणायचा नाही. पण या सगळ्या नकारांच्या यादीशेजारी मालकाकडे काय राहतं तेही लिहिलेलं असतं: मालकी, कुणाला आत सोडायचं याचा निर्णय, आणि साध्या स्वरूपाची करमणूक. त्यात शिकार आणि मासेमारी हे शब्द स्पष्टपणे आहेत, आणि ते हक्क पैसे घेऊन भाड्याने देता येतील हेही. साध्या स्वरूपाची म्हणजे त्या भागात रूढ असलेलं साधं लपण चालेल, पण लाकडी लॉज बांधून पाहुण्यांना जेवण-राहणं देता येणार नाही. मला हा सगळ्या प्रकारांतला सर्वांत प्रामाणिक दस्त वाटतो. जमिनीतून पीक काढायचं बंद केलं तर शेतकऱ्याला दर वर्षी चार पैसे कुठून मिळणार, याचा विचार करून तो लिहिला आहे.

डाकोटा आणि मिनेसोटातल्या खड्ड्याखड्ड्यांच्या गवताळ प्रदेशात, जिथे बरीच बदकं अंडी घालतात, तिथे १९५८ पासून वेगळाच साधा सौदा चालतो. खड्ड्यातलं पाणी काढायचं नाही, तो बुजवायचा नाही, सपाट करायचा नाही, जाळायचा नाही, बस. कोरडा पडला तर शेतकरी त्यात नांगर घालू शकतो, आणि शिकारीला कोण येणार हे तोच ठरवतो. याशिवाय १९८५ पासूनची सीआरपी नावाची योजना आहे. तिच्यात दहा ते पंधरा वर्षं जमीन पिकातून काढून गवताखाली ठेवायचं भाडं सरकार देतं. तीही राखलेलीच, पण मुदतीची. तिथेही शिकार भाड्याने देता येते.

'व्यावसायिक करमणूक' हे कलम

आता तो भाग, जिथे चांगले शिकलेले शेतकरीही वकिलाला फोन लावतात. बऱ्याच ईझमेंटच्या दस्तांत एक वाक्य सापडतं: या जमिनीवर नगण्य प्रमाणापेक्षा जास्त व्यावसायिक करमणूक चालणार नाही. शिकारीचं भाडं घेणं ही व्यावसायिक करमणूक झाली का? दस्त ठेवणारा ट्रस्ट हो म्हणाला तर हंगामाचं उत्पन्न गेलं. शेतकरी नाही म्हणाला आणि ट्रस्टने ऐकलं नाही तर कोर्ट.

हे वाक्य आलं कुठून ते कळलं की अर्धा गुंता सुटतो. १९९७ मध्ये अमेरिकी संसदेने वारसा करात एक सवलत आणली. ईझमेंट असलेल्या जमिनीच्या किमतीचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग, जास्तीत जास्त ५ लाख डॉलर, मृत्यूनंतरच्या करातून वगळता येईल. मात्र अट अशी की दस्तात नगण्यपेक्षा जास्त व्यावसायिक करमणुकीला बंदी हवी. जमीन राखली म्हणून सवलत घ्यायची आणि तिथे गोल्फचं मैदान काढायचं, असं कुणी करू नये हा हेतू. सवलत हातची जाऊ नये म्हणून वकिलांनी ते वाक्य जसंच्या तसं दस्तांत घालायला सुरुवात केली. त्याच कायद्याच्या वेळच्या संसदीय अहवालात, शिकार आणि मासेमारीची परवानगी विकणं हे नगण्य प्रमाणात मोडेल, अशा अर्थाचा खुलासाही होता. वाक्य दस्तात आलं, खुलासा मात्र अहवालातच राहिला.

आज वारसा कराची सूट-मर्यादा इतकी वर गेली आहे की फार थोड्या शेतकरी कुटुंबांना तो कर लागतो. पण दस्त कायमचा आहे. ज्या सवलतीसाठी वाक्य घातलं ती कामाची राहिली नाही तरी वाक्य खोडता येत नाही. त्यामुळे नवी ईझमेंट लिहून देणाऱ्याने ही गोष्ट सही करण्याआधीच मिटवून घ्यावी. 'शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क भाड्याने देणं हे या कलमाखाली व्यावसायिक करमणूक धरलं जाणार नाही' एवढी एक ओळ पुरते. जुना दस्त असेल तर ट्रस्टकडून लेखी मत घ्यावं आणि जपून ठेवावं. ट्रस्टमधली माणसं बदलतात, आणि दर वर्षी पाहणीला येणारा नवा पोरगा लपण बघून 'हे बांधकाम कधी झालं' असं विचारू शकतो. लपण बांधकामात मोडतं का, त्याचं कमाल माप काय, हंगाम संपल्यावर काढायचं का, हेही त्याच वेळी ठरवून घेतलेलं बरं.

ट्रस्ट स्वतःच शेताची मालक असेल तर प्रकरण उलटं फिरतं. मग तीच शेती एका कुळाला आणि शिकार दुसऱ्या गटाला देते, आणि भाड्यातून देखभालीचा खर्च काढते. दोन कुळं एकाच खाचरात असली की तंटे ठरलेले. शेतकऱ्याला जानेवारीअखेर पाणी उतरवून जमीन वाळवायची असते, शिकाऱ्याला हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पाणी हवं असतं.

भाड्याने दिलं जातं ते काय

बदकं शेतकऱ्याची नसतात. वन्यजीव कुणाच्याही मालकीचे नाहीत, त्यांचं नियमन सरकार लोकांच्या वतीने करतं. स्थलांतरी पक्ष्यांवर तर १९१६ चा कॅनडासाठी ब्रिटनशी झालेला तह आणि त्यावर आधारलेला १९१८ चा केंद्रीय कायदा आहे. त्यामुळे हंगाम कधी, दिवसाला किती पक्षी, कुठल्या जातीवर वेगळी मर्यादा, हे शेतकरी ठरवत नाही. शेतकरी विकतो ती फक्त आत येऊन बसायची परवानगी. एकही बदक आलं नाही तरी भाडं परत मागता येत नाही, हे करारात स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि तरीही दर वर्षी कुणीतरी मागतंच.

शिकाऱ्याकडे राज्याचा परवाना लागतो. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला २५ डॉलरचा केंद्राचा डक स्टॅम्पही घ्यावा लागतो. हा स्टॅम्प १९३४ मध्ये एक डॉलरला सुरू झाला. पहिल्यावरचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं, आणि तोच तेव्हा वन्यजीव खात्याचा प्रमुखही होता. स्टॅम्पच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा घेण्याकडे जातात. शिकार न करणारे पक्षीनिरीक्षकही तो हौसेने घेतात. वर ज्या डाकोटातल्या ईझमेंट सांगितल्या, त्याही याच पैशातून घेतल्या गेल्या. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं राहता कामा नयेत. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण बदकं दाणे समजून ते गिळतात आणि विषबाधेने मरतात.

भाताच्या भागात भाडं बहुतेकदा लपणामागे ठरतं, इतरत्र एकरामागे किंवा माणशी. तोंडी व्यवहार अजूनही चालतात, विशेषतः शेजारच्या गावातला ओळखीचा माणूस असेल तर. पण राखलेल्या जमिनीवर तोंडी व्यवहार करू नये. शिकाऱ्याने ईझमेंटची अट मोडली तर ट्रस्ट शिकाऱ्याला ओळखत नाही, ती मालकाला धरते. कुणी ओल्या बांधावरून चारचाकी चालवून तो फोडला, कुणी लपण मोठं करायला काँक्रीट ओतलं, कुणी कॅम्पर आणून महिनाभर उभा केला, तर नोटीस शेतकऱ्याच्या नावाने येते. म्हणून करारात ईझमेंटचा दस्त जोडायचा आणि 'याच्या अटी मला वाचून समजल्या आहेत' म्हणून भाडेकरूची सही घ्यायची.

अपघाताच्या जबाबदारीचा मुद्दा तर पैसे घेतले त्या क्षणी बदलतो. कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो, तुम्ही कुणाला फुकट फिरायला, शिकारीला येऊ दिलं तर जागा त्याच्यासाठी सुरक्षित ठेवायची जबाबदारी साधारणपणे तुमच्यावर नाही. मोबदला घेतला की हे संरक्षण गेलं. इतर बऱ्याच राज्यांतही थोड्याफार फरकाने असंच आहे. म्हणजे शेजारच्याच्या पोराला मोफत सोडलं आणि तो मोरीत पडला तर एक न्याय, आणि पैसे घेऊन सोडलेला पडला तर दुसरा. यावर इलाज म्हणजे विमा. शिकाऱ्यांच्या गटाने जबाबदारीचा विमा काढायचा, त्यात शेतकऱ्याचं नाव विमाधारक म्हणून घालायचं, आणि विम्याचा कागद हातात आल्याशिवाय फाटकाची किल्ली द्यायची नाही. उघडे पंप, खोल चर, विजेच्या तारा कुठे आहेत ते नकाशावर खुणा करून दाखवायचं.

दाणे: कायदेशीर आणि बेकायदा

शेतकऱ्याला तुरुंगात नेऊ शकेल असा एकच विषय यात आहे, तो म्हणजे आमिष. पक्ष्यांना दाणे टाकून बोलवायचं आणि मारायचं, हा केंद्रीय गुन्हा आहे. पण शेतात दाणे असतातच. मग रेष कुठे?

कायदा असं बघतो: दाणे तिथे कसे आले? नेहमीच्या पद्धतीने पीक कापलं, मळलं आणि त्यात सांडले, तर ठीक. उभ्या पिकात पाणी सोडलं आणि बदकांनी लोंब्या ओरबाडून खाल्ल्या, तरी ठीक. पण कापणी न केलेल्या पिकावर ट्रॅक्टर फिरवून ते आडवं पाडलं, म्हणजे दाणे खाली पडावेत म्हणून, तर पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी ते आमिष झालं. पोत्यातून चार मुठी मका बांधाजवळ टाकला तर विचारूच नका. बरं, दाणे उचलून टाकले म्हणजे लगेच सुटका नाही. शेवटचा दाणा हटल्यापासून दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरली जाते, कारण पक्ष्यांना तिथली सवय लागलेली असते.

१९९८ च्या दुरुस्तीने यात दोन बदल झाले. शिकाऱ्यावर गुन्हा तेव्हाच, जेव्हा त्याला आमिष असल्याचं माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. आणि दुसऱ्यांना शिकार करता यावी म्हणून आमिष टाकणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, एक वर्षापर्यंत कैदेचा. भाडेकरूला खूश करायला म्हणून शेतकऱ्याने किंवा त्याच्या गड्याने पाडलेला पिकाचा एक पट्टा त्याला तुरुंगात नेऊन बसवू शकतो. म्हणून उशिरा पाऊस येऊन एखादं खाचर कापायचं राहिलं असेल तर ते पाडायच्या आधी राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला विचारावं, आणि त्या भागातली शिकार तेवढे दिवस बंद ठेवावी. पाणथळ ईझमेंटवर नैसर्गिक उगवलेलं गवत कापायला मात्र हा आमिषाचा नियम आड येत नाही. तिथे ईझमेंटची अट आड येते, कारण गवत कापायलाही सरकारची वेगळी परवानगी लागते. एक कागद हो म्हणतो म्हणून दुसराही म्हणेल असं धरून चालत नाही.

पैसेवाल्यांचा खेळ?

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. सार्वजनिक पैशातून किंवा करसवलतीतून राखलेल्या जमिनीवर पैसे मोजणाऱ्या मोजक्या लोकांनाच प्रवेश, हे कितपत बरं? बदकं सगळ्यांची आणि बांध काहींचा. कॅन्सससारख्या राज्यांनी यावर दुसरी वाट काढली. तिथे १९९५ पासून राज्यच शेतकऱ्याला पैसे देऊन त्याची जमीन सगळ्या शिकाऱ्यांसाठी पायी यायला खुली करतं. शेतकऱ्याला भाडं मिळतं, गावातल्या पोराला जागा मिळते. मला हा मार्ग जास्त पटतो, पण सॅक्रमेंटो व्हॅलीत राज्याने तितके पैसे मोजावेत अशी अपेक्षा करणं कठीण आहे, कारण तिथे खासगी गटच जास्त देऊ शकतात. सेंट्रल व्हॅलीतल्या उरल्यासुरल्या पाणथळ जागांपैकी सुमारे दोन तृतीयांश खासगी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक बदकांच्या शिकारीच्या क्लबांनीच ओल्या ठेवल्या आहेत. ते क्लब उद्या बंद पडले तर तिथे आपोआप अभयारण्य होणार नाही. बदामाची किंवा पिस्त्याची बाग होईल.

भरतपूरचा केवलादेव हे आपल्याकडचं याच तऱ्हेचं उदाहरण. बांध घालून संस्थानाने शिकारीसाठी केलेली ती दलदल. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, आणि तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. शिकार बंद झाली, जागा राष्ट्रीय उद्यान झाली, जागतिक वारसा झाली, पण पाण्यासाठीची ओढाताण संपली नाही. कॅलिफोर्नियातही प्रश्न शेवटी त्याच ठिकाणी येऊन अडतो.

२०२२ च्या दुष्काळात सॅक्रमेंटो व्हॅलीतली भाताची लागवड जवळजवळ निम्म्यावर आली. ज्या शेतात भातच नाही तिथे पेंढा नाही, हिवाळ्यातलं पाणी नाही, म्हणून बदकं नाहीत. पण भाडेपट्टे आधीच झालेले असतात. म्हणून जाणते शेतकरी आता करारात पाण्याचं कलम वेगळं लिहितात: कालव्याचं पाणी मिळणार की नाही हे कळवायची तारीख, त्या तारखेपर्यंत नाही मिळालं तर भाडं पूर्ण परत की पुढच्या हंगामात वळतं, पंपाने विहिरीचं पाणी ओढायचं झाल्यास बिल कुणी भरायचं, आणि किती खाचरं भरली तर करार पाळला असं धरायचं. मोरीतल्या फळ्यांना कोण हात लावणार तेही त्यातच येतं, कारण पाणी कमी असलेल्या वर्षी रात्री येऊन एक फळी चढवणारा भाडेकरू शेजारच्या खाचरातलं पाणी तोडतो, आणि त्या खाचराचा भाडेकरू वेगळा असतो.